रोज बरोबर बाळगायला छोटी टेलि प्राइम: ८५, ९० की ७५?

सावलीखुणा (धागाकर्ती)

जाणकारांचं मत हवंय, छोटी टेलि प्राइम (लांबचं जवळ दाखवणारी, झूम न होणारी लेन्स) घ्यायची आहे. माझ्याकडे सोनीचा २४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम (३५ मिमी रिळाच्या चौकटीएवढ्या सेन्सरचा) मिररलेस कॅमेरा आहे. त्यावर कायम ३५ मिमी लेन्स (हा आकडा फोकल लेन्थचा, तो मोठा तितकी चौकट अरुंद) चढवलेली असते आणि ती मला मनापासून आवडते. पण काही फोटो तिच्यातून रोज निसटतात. समोरच्या गच्चीवर पडलेला तिरका उजेड, वाचनात बुडालेला माणूस, शिलाई मशीनवर चालणारे हात. जवळ गेलं की समोरचा माणूस सावध होतो, आणि लांबून काढलं तर चौकटीत नको ते सगळं शिरतं.

अट एकच आहे, लेन्स रोज पिशवीत राहिली पाहिजे. त्यामुळे एफ/१.४ वाल्या (एफ आकडा लहान तितकं अपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचं छिद्र, मोठं) जड लेन्स आधीच बाद केल्या. आता तीन डोक्यात आहेत. पहिली सोनी एफई ८५ मिमी एफ/१.८, वजन ३७१ ग्रॅम, ६७ मिमीचा फिल्टर. दुसरी सिग्मा ९० मिमी एफ/२.८ कंटेम्पररी, २९५ ग्रॅम, ५५ मिमीचा फिल्टर, धातूची बांधणी आणि अपर्चर रिंग. तिसरी सॅमयांग एएफ ७५ मिमी एफ/१.८, फक्त २३० ग्रॅम, बाहेरून प्लास्टिक.

जिथे विचारावं तिथे "डोळे झाकून ८५ एफ/१.८ घे" असंच उत्तर मिळतं. पण ते सांगणारे बहुतेक पोर्ट्रेट काढणारे असतात. माझ्या कामाला अपर्चर इतकं महत्त्वाचं आहे का? आणि ७५ ते ९० मध्ये रोजच्या वापरात किती फरक पडतो?

निवांतवाट

चांगला विषय काढलात. पण लेन्सची नावं जरा बाजूला ठेवून आधी अंतराचा हिशोब बघा. घरात लांब लेन्स वापरताना सगळ्यांची गाडी तिथेच अडते.

माणूस उभा आहे, डोक्यावर आणि पायाशी थोडी जागा सोडून चौकट दोन मीटर उंचीची धरू. कॅमेरा उभा धरला तर ५० मिमीला पावणेतीन मीटर मागे जावं लागतं, ७५ ला चार मीटरच्या थोडं पुढे, ८५ ला पावणेपाच, ९० ला पाच मीटर. कॅमेरा आडवा धरलात तर ८५ ला सात मीटर लागतात. म्हणजे साध्या खोलीत ८५ ने उभा माणूस पायापर्यंत येणारच नाही, पाठ भिंतीला टेकेल. घरात ही लेन्स चेहरे, हात आणि टेबलावरच्या वस्तू यांच्यासाठी. हे मान्य असेल तरच पुढचा विचार करा.

७५ आणि ८५ मधला फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण खोलीत त्या अर्ध्या मीटरवर बरंच काही ठरतं. उलट ८५ आणि ९० मधला फरक मी निवडीच्या वेळी धरणारच नाही. एक पाऊल मागे सरकलं की संपला.

तुमच्याकडे झूम आहे का? असली तर एक दिवस ती ७० किंवा ८५ वर ठेवून रिंगला चिकटपट्टी लावा आणि तशीच वापरा. शिवाय जुन्या फोटोंची फोकल लेन्थप्रमाणे चाळणी लावून बघा. झूमवर तुमचा हात आपोआप कुठे थांबतो ते कळेल.

वक्रभिंग

निवांतवाट यांच्याशी सहमत. पर्स्पेक्टिव्हबद्दल (जवळच्या आणि दूरच्या गोष्टी एकमेकींच्या तुलनेत केवढ्या दिसतात) थोडी भर घालतो, कारण "८५ ने चेहरा चांगला येतो" हे वाक्य सगळे म्हणतात आणि कारण कुणी सांगत नाही.

चेहऱ्याची ठेवण लेन्स ठरवत नाही, तुम्ही किती लांब उभे आहात ते ठरवतं. डोकं आणि खांदे मावतील अशी अर्धा मीटर उंचीची चौकट घ्या. ३५ मिमीने ती भरायला तुम्हाला अर्ध्या मीटरवर जावं लागतं. नाकाच्या टोकापासून कानापर्यंत साधारण १२ सेंमी धरले, तर नाक ५० सेंमीवर आणि कान ६२ सेंमीवर. म्हणजे नाकाच्या तुलनेत कान जवळजवळ एक पंचमांशाने लहान दिसतात आणि चेहरा पुढे ओढल्यासारखा होतो. तीच चौकट ८५ ने भरायला तुम्ही १.२ मीटरवर असता. तिथे हा फरक नऊ टक्क्यांवर येतो आणि चेहरा आपल्याला समोरासमोर बोलताना दिसतो तसा दिसतो. ७५, ८५, ९० या तिघींनी हे अंतर १ ते १.३ मीटरच्या आत येतं. या बाबतीत तिन्ही पास.

खरा फरक आहे तो किमान फोकस अंतराचा, आणि तुमच्या "शिलाई मशीनवरच्या हातां"साठी मी आधी तेच बघेन. सोनी ८५ ला ८० सेंमीच्या आत फोकस होत नाही. तिथे मॅग्निफिकेशन (सेन्सरवरची प्रतिमा मूळ वस्तूच्या किती पट) ०.१३, म्हणजे चौकटीत जवळजवळ २८ सेंमी रुंदीचा भाग येतो. सॅमयांग ७५ ची मर्यादा ६९ सेंमी, आणि निकाल जवळपास तोच. सिग्मा ९० मात्र ५० सेंमीपर्यंत जाऊ देते, मॅग्निफिकेशन ०.२, चौकट १८ सेंमी रुंद. २८ सेंमीत हात, मशीनचं चाक, टेबलाची कड, कापडाचा ढीग सगळं येतं. १८ सेंमीत सुई, दाबपट्टी आणि दोन बोटं कापडाला पुढे सरकवताना.

कृष्णधवल

मी विरुद्ध बाजू मांडतो. एफ/१.८ आणि एफ/२.८ मध्ये सव्वा स्टॉपहून थोडा जास्त फरक आहे (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). संध्याकाळी घरात एका दिव्याच्या उजेडात, एफ/१.८ वर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढवली की फोटोत दाणे येतात) २५०० पुरत असेल तर एफ/२.८ वर ६४०० च्या आसपास जावं लागेल. "कॅमेऱ्यात स्टॅबिलायझेशन आहे की" असं कुणी म्हणेल. ते तुमच्या हाताची थरथर सांभाळतं, समोरच्याची हालचाल थांबवत नाही. बोलणाऱ्या माणसाला १/१२५ सेकंदाचा शटर वेग आणि धावत्या मुलाला १/५०० लागतं ते लागतंच.

दुसरं, विषय पार्श्वभूमीपासून सुटून दिसणं. ती काही नुसती पोर्ट्रेटवाल्यांची हौस नाही. रोजच्या जागा गजबजलेल्या असतात, वायरी, खुर्च्या, भिंतीवरचे बोर्ड. त्यातून एक चेहरा वेगळा काढायला मोठं अपर्चर फार कामी येतं. दोन मीटरवर ८५ एफ/१.८ ची डेप्थ ऑफ फील्ड (जेवढ्या खोलीपर्यंत फोटो स्पष्ट येतो) साधारण ६ सेंमी, ९० एफ/२.८ ची ८ सेंमी. आकडे जवळचे वाटतील, पण मागचा धूसरपणा वेगळा दिसतो.

सोनीऐवजी सिग्मा घेऊन ७६ ग्रॅम वाचवायला मी इतका उजेड सोडणार नाही.

वक्रभिंग

कृष्णधवल, उजेडाचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. धूसरपणाबद्दल मात्र थोडं थांबा, तिथे एक मजेदार गोष्ट आहे.

चौकट तीच ठेवली तर दूरची पार्श्वभूमी किती विरघळेल हे अपर्चरच्या प्रत्यक्ष व्यासावर ठरतं. फोकल लेन्थला एफ आकड्याने भागा. ८५ एफ/१.८ चा व्यास ४७ मिमी, ७५ एफ/१.८ चा जवळजवळ ४२, ९० एफ/२.८ चा ३२. म्हणजे अर्ध्या देहाच्या पोर्ट्रेटमध्ये सोनी सिग्मापेक्षा जवळजवळ दीडपट धूसरपणा देणार. इथे तुमचंच खरं.

पण दोन्ही लेन्स आपापल्या सर्वांत जवळच्या अंतरावर नेऊन बघा. सोनी ८० सेंमीवर थांबते, तिथे डेप्थ ऑफ फील्ड सुमारे ७ मिमी. सिग्मा ५० सेंमीवर जाते, तिथे एफ/२.८ ला ती सुमारे ५ मिमी. दूरच्या पार्श्वभूमीचा धूसरपणाही सिग्माचा किंचित जास्तच निघतो. छोट्या अपर्चरची लेन्स जवळ जाऊ देते आणि जवळ गेलं की फोकसची पट्टी आणखी पातळ होते. म्हणून सावलीखुणाताईंना माझा सरळ प्रश्न, तुमचे फोटो दोन मीटरवरचे जास्त आहेत की हाताच्या अंतरावरचे?

सावलीखुणा

हे कुणी इतकं उलगडून सांगितलं नव्हतं, दोघांचेही आभार. निवांतवाटदादांनी सांगितलेली चाळणी लावून पाहिली. झूमवर काढलेले फोटो बहुतेक एका टोकाला, म्हणजे ७० वर आहेत. आणि त्यातले निम्म्याहून जास्त जवळचे आहेत. पानं, हात, कपाची कड, दाराची कडी. चेहरे आहेत, पण मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी. रात्रीचे फार थोडे.

टेकडीपलीकडे

धागा वाचतोय, वाचनखूण साठवली. माझा प्रश्न बाळबोध वाटेल. ५० मिमी घेऊन नंतर क्रॉप का करू नये? एका लेन्समध्ये दोन्ही कामं होतील.

निवांतवाट

बाळबोध नाही, योग्य प्रश्न आहे. ५० ची चौकट कापून ८५ इतकी केली तर पिक्सेल (५०/८५) च्या वर्गाने कमी होतात. २४ मेगापिक्सेलचे साधारण ८ उरतात. स्क्रीनवर बघायला आणि लहान प्रिंटला पुरेसे. ६१ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावर २१ उरतात, तिथे हा मार्ग खरोखर चांगला. पर्स्पेक्टिव्ह तेच राहतं, कारण तुमची जागा बदललेली नसते.

पण कापलेल्या फोटोत धूसरपणा ५० चाच येतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे व्ह्यूफाइंडरमध्ये तुम्हाला पूर्ण ५० दिसत असतं. टेलिची मजा चौकट लावताना आहे. डावीकडचा खांब आत घ्यायचा की बाहेर, हा निर्णय डोळा व्ह्यूफाइंडरला लावलेला असताना व्हावा असं मला वाटतं. संगणकावर घेतलेला निर्णय वेगळा पडतो.

मधली_चाल

फुल फ्रेमवाल्यांच्या धाग्यात छोट्या सेन्सरची बाजू मांडते. लहान आकार हीच पहिली अट असेल तर आमच्याकडे ती फार आधी पूर्ण झाली आहे. मायक्रो फोर थर्ड्सवर (फुल फ्रेमपेक्षा बराच लहान सेन्सर) ऑलिम्पसची ४५ मिमी एफ/१.८ ही २०११ सालची लेन्स, वजन ११६ ग्रॅम, ३७ मिमीचा फिल्टर. फुल फ्रेमच्या भाषेत ९० मिमी. कॅमेऱ्यासकट कोटाच्या खिशात जाते. पॅनासॉनिकची ४२.५ मिमी एफ/१.७ तर १३० ग्रॅममध्ये लेन्समधलं स्टॅबिलायझेशनही देते आणि ३१ सेंमीपर्यंत जवळ जाते. मी हीच वापरते, आणि वक्रभिंग यांच्या म्हणण्याला पूर्ण अनुमोदन. जवळ जाऊ देणारी लेन्स दिवसभर कॅमेऱ्यावरून उतरत नाही.

फुजीच्या एपीएस-सी (या दोन्हींच्या मधल्या आकाराचा सेन्सर) वर एक्सएफ ५० मिमी एफ/२ आहे. २०० ग्रॅम, ३९ सेंमी, पावसाच्या शिंतोड्यांपासून संरक्षण, फुल फ्रेमच्या हिशोबाने ७५ मिमी. माझ्या एका मैत्रिणीच्या कॅमेऱ्यावरून ती उतरलेली मी पाहिलेली नाही.

धूसरपणा कमी मिळतो हे मान्य. या सगळ्यांच्या अपर्चरचा व्यास २५ मिमीच्या आसपास. पण रोजच्या फोटोत मागची जागा थोडी ओळखू येणं मला हवंच असतं. माणूस कुठे आहे हे कळलं नाही तर तो फोटो रोजचा कसा?

कृष्णधवल

शेवटचं वाक्य पटलं. रस्त्यावर टेलि वापरण्याला काही जण नाकं मुरडतात म्हणून सांगतो, छायाचित्रकार सॉल लायटर यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर टेलि लेन्स भरपूर वापरल्या. ओल्या काचा, छत्र्या, बसच्या खिडक्या एकावर एक दाबून बसवलेल्या दिसतात त्या लांबून काढल्यामुळेच. त्यात मागचं सगळं पुसून टाकलेलं नसतं.

जुनी_रीळ

कुणी मॅन्युअल लेन्सचं नाव काढलं नाही म्हणून मध्ये पडतो. पूर्वीच्या कंपन्यांनी छोट्या टेलि फार मनापासून बनवल्या होत्या. ऑलिम्पस ओएम ८५ मिमी एफ/२ चं वजन सुमारे २६० ग्रॅम, ४९ मिमीचा फिल्टर. पेंटॅक्स-एम १०० मिमी एफ/२.८ आणि निकॉन सिरीज ई १०० मिमी एफ/२.८ या दोन्ही सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास. साध्या अडॅप्टरने तुमच्या सोनीवर बसतात. निकॉनची १०५ मिमी एफ/२.५ थोडी जड, पण १९५९ पासूनची ही लेन्स, आणि स्टीव्ह मॅकरी यांनी १९८४ मध्ये काढलेला हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो तिनेच काढलेला आहे.

मिररलेसवर फोकस पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगाने दाखवणं) आणि मॅग्निफायर असल्याने हाताने फोकस करणं रिळाच्या काळापेक्षा सोपं झालंय. स्थिर विषयांना मला ऑटोफोकसची आठवणही येत नाही. रिंग फिरवताना फोकस कानावरून गालावर, गालावरून पापणीवर सरकत येतो, आणि पापणीचे केस एकेक सुटे दिसले की बोट खाली जातं.

पण जुनी लेन्स घेताना टॉर्च घेऊनच जा. मागच्या बाजूने उजेड टाकून पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे. अपर्चरची पाती पुढेमागे करून त्यांच्यावर तेल आलंय का बघा. कडेला इंद्रधनुषी डाग असेल तर दोन भिंगं जोडणारा थर सुटायला लागलाय, ती अजिबात घेऊ नका. थोडीशी धूळ असली तर चालते, फोटोत दिसत नाही.

अडॅप्टरची जाडी मात्र धरा. २६० ग्रॅमची लेन्स अडॅप्टरसकट सिग्मापेक्षा लांब होते.

टेकडीपलीकडे

जांभळ्या कडांबद्दलही कुणी सांगाल का? वापरलेल्या स्वस्त ८५ बद्दल ही तक्रार नेहमी वाचतो.

वक्रभिंग

ही अक्षावरची रंगविकृती. वेगवेगळे रंग किंचित वेगवेगळ्या अंतरावर फोकस होतात, त्यामुळे फोकसच्या पुढच्या बाजूला जांभळट आणि मागच्या बाजूला हिरवट झाक येते. कॅननची १९९२ सालची ईएफ ८५ मिमी एफ/१.८ याबद्दल प्रसिद्ध आहे, बाकी फार गुणी लेन्स असूनही. चष्म्याची चकाकती काडी, पाण्यावरची चमक, उजळ आकाशापुढच्या काळ्या फांद्या इथे ती हमखास दिसते. एफ/२.८ किंवा एफ/४ पर्यंत अपर्चर बंद केलं की बरीच जाते.

आता बघा, एफ/१.८ ची लेन्स घेऊन उजळ दिवशी तुम्ही ती एफ/२.८ वर वापरणार असाल, तर एफ/२.८ लाच नीट चालेल अशी बनवलेली छोटी लेन्स वाईट सौदा नाही. सोनीच्या ८५ ला ही झाक थोडी येते, त्रासदायक नाही. उजेडाविरुद्ध झाडांचे शेंडे काढणार असाल तर माहीत असलेलं बरं.

निवांतवाट

हाताळणीबद्दल कुणी फार बोललं नाही. सोनी ८५ ला अपर्चर रिंग नाही, बाजूला एक फोकस होल्ड बटण आणि ऑटो-मॅन्युअलचा स्विच आहे. सिग्माला टक टक आवाज करणारी रिंग आहे. कॅमेरा बंद असताना वरूनच अपर्चर दिसतं आणि लावता येतं, रोजच्या वापरात हे फार सोयीचं. सॅमयांगच्या फोकस रिंगचं काम एका छोट्या स्विचने बदलता येतं, त्यामुळे तिच्याच रिंगवर अपर्चर घेता येतं. पावसाळी हवेत सिग्माच्या फक्त माउंटपाशी रबराची कड आहे, आत सगळीकडे सील नाहीत. रिमझिम ठीक, मुसळधार नाही.

हूड (लेन्सपुढे लावायची, बाजूचा उजेड अडवणारी कड) नेहमी लावा. छोट्या टेलिला बाजूने ऊन लागलं की फोटो पांढुरका पडतो, शिवाय पुढची काच आपटण्यापासून वाचते. वेगळा संरक्षक फिल्टर मी लावत नाही.

माझं मत विचाराल तर तुमच्या सांगण्यावरून सिग्मा. रात्री माणसांचे फोटो जास्त असते तर सोनी म्हणालो असतो. आणि पिशवी फारच लहान असेल, घरात अंतर कमी पडत असेल, तर सॅमयांग. तिघींपैकी एकही वाईट नाही, पण तुमचा हात जिथे जातो तिथपर्यंत फोकस होणारी एकच आहे.

कृष्णधवल

मीही आता इथे सिग्माच म्हणेन. रात्रीचे फोटो थोडे आहेत हे कळल्यावर एफ/१.८ चा आग्रह धरण्यात अर्थ नाही. अंधार झाल्यावर तुमची ३५ चढवा. तिचं अपर्चर काय आहे?

सावलीखुणा

एफ/१.८ च आहे. म्हणजे रात्रीची सोय आधीपासूनच आहे, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मग ठरलं, ९० एफ/२.८. दिवसा ती, दिवे लागले की ३५. सगळ्यांना मनापासून धन्यवाद. सुरुवातीला कॅमेऱ्यात काही सेटिंग बदलून ठेवू का?

वक्रभिंग

हो. ऑटो आयएसओमध्ये किमान शटर वेग १/२५० ठेवा. स्टॅबिलायझेशनच्या भरवशावर कॅमेरा १/६० ला उतरला तर हात स्थिर राहील पण समोरच्याची बोटं हललेली येतील. जवळच्या फोटोंना सिंगल पॉइंट फोकस, लहान आकाराचा, कारण ५ मिमीच्या पट्टीत सुई यायची की कापड हे कॅमेऱ्यावर सोडू नका. एफ/२.८ ऐवजी एफ/४ ला एक जादा फोटो काढत जा, हातांना बरेचदा तोच बरा पडतो.

आणि लेन्स हातात आल्यावर आधी डीसेंटरिंग (आतलं एखादं भिंग मध्यापासून सरकलेलं असणं) तपासा. कॅमेरा ट्रायपॉडवर, अपर्चर पूर्ण उघडं, समोर लांबवरची एखादी बारीक तपशिलाची गोष्ट, इमारतीची जाळी किंवा पाटी. ती मध्यभागी घेऊन फोकस करा, मॅन्युअलवर टाका, मग तीच गोष्ट एकेक करून चारही कोपऱ्यांत आणून फोटो काढा. चारही कोपरे सारखेच किंचित मऊ असतील तर लेन्स व्यवस्थित आहे. एखादाच कोपरा स्पष्ट विरघळलेला दिसला तर पुन्हा एकदा तपासा, आणि तसाच आला तर परतीची मुदत संपायच्या आत बदलून घ्या.